अडुसष्ट नंबरची जमेची बाजू

मी, एल्डन वोंद्रा, वय वर्षे एक्क्याऐंशी, धंदा वीजकाम (आता बंद), राहणार सेडन, नेब्रास्का, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, दिवसाउजेडी, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरांच्या मते माझे हृदय अधू झाले आहे, डोके नाही. तसा त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणण्याइतके जवळ आता कोणी राहतही नाही. सन २०१० साली केलेले मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करतो, कारण त्यात मी एक गोष्ट लपवली होती.

हे आत्ताच का लिहितो, तेही सांगून ठेवतो. गेल्या शनिवारी आमचा सेडन कॉलेजचा अमेरिकन फुटबॉलचा संघ, म्हणजे ड्रोव्हर्स, घरच्या मैदानावर एकतीस-दहाने हरला. सामना संपल्यावर नेहमीप्रमाणे आम्ही पश्चिम फाटकामागच्या पार्किंगमध्ये जमलो, पिकअपचे मागचे फळके पाडले, चिलीचे, म्हणजे खिमा-राजम्याच्या तिखट रश्शाचे, भांडे आणि दालचिनीचे रोल काढले. आमचा एक जुना नियम आहे. संघाबद्दल आधी एक जमेची बाजू सांगायची, मग उणीव, आणि मगच वाडग्यात चिली घ्यायची. हा नियम माझ्या बायकोने, दिवंगत लोरेनने, घालून दिला होता. पुरुषमाणसांना नुसते कुजकट बोलायची सवय लागली आहे आणि भांडे तिचे आहे, असे तिचे म्हणणे होते.

"जमेची बाजू?" डेनिस म्हणाला. डेनिस माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आणि आवाजाने दुप्पट. "बँडवाल्यांनी छान वाजवलं! आता उणीव ऐका. तो तेवीस नंबर. त्याच्या हाताला लोणी लावून पाठवतात की काय? तीन वेळा चेंडू सोडला. अशा पोराला मैदानावर नाही, मैदान झाडायला ठेवावं."

सगळे हसले. मीही हसलो. दोन गाड्या पलीकडे एक बाई घोंगडीची घडी घालत होती. तिचा हात थांबला. तिच्या पाठीवर तेवीस आकडा होता. खेळाडूंच्या आया आपल्या मुलाच्या नंबरची जर्सी घालतात. तिने घडी अर्धवट टाकली आणि गाडीत जाऊन बसली. माझ्या हातातली चिली मला गेली नाही.

कलम पहिले. राहते घर माझी मुलगी जोलीन हिला. ती ओमाहाला असते आणि हे घर ती विकणार हे मला ठाऊक आहे. खुशाल विकावे. घेणाऱ्याला एवढे सांगावे की तळघराचे दार ओलसर हवेत फुगते, त्याला लाथ मारायची नाही, खालून उचलायचे.

कलम दुसरे. बँकेत जे असेल ते जोलीन आणि माझा मुलगा कर्ट यांना निम्मे-निम्मे. कर्टने घेण्यास नकार दिल्यास त्याचा वाटा त्याच्याच नावावर राहू द्यावा. त्याला समजावायला कोणी जाऊ नये, मी तर मुळीच जाऊ शकणार नाही.

कलम तिसरे. पकडी, टेस्टर, मीटर, उंच शिडी आणि तारांची सगळी वेटोळी, यापुढे जो कोणी मैदानाच्या गुणफलकाची देखभाल करील त्याला. ते काम मी चौतीस वर्षे केले. पाहुण्या संघाच्या बाजूचा आठ अर्धाच लागतो आणि तीनसारखा दिसतो. तो दुरुस्त करता येतो. मी मुद्दामच केला नाही.

कलम चौथे. माझी घडीची खुर्ची डेनिसला देऊ नये. त्याने मागितली तर दोनदा देऊ नये.

कलम पाचवे. मर्ल टिचाचेक हा माझा पहिलीपासूनचा मित्र. तो या मृत्युपत्राचा साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही ठेवू नये असे मला सांगण्यात आले. म्हणून लोरेनचे चिलीचे भांडे मी त्याला या सोमवारीच हाताने देऊन टाकले. ते त्याचेच आहे, यावर कोणी वाद घालू नये.

कलम सहावे. माझ्या सेहेचाळीस वह्या. एका सामन्याला एक पान, मधे रेघ, डावीकडे जमेच्या बाजू, उजवीकडे उणिवा. या वह्यांचा मला फार गर्व होता. गावात कोणाचा कोणत्याही सामन्यावरून वाद झाला की लोक म्हणायचे, एल्डनला विचारा, त्याला खेळ कळतो. या वह्या जाळू नयेत, निदान एक पान तरी जाळू नये. ते पान १३ नोव्हेंबर १९९३ चे. त्याबद्दल आता लिहितो, आणि हे लिहायला मला एकतीस वर्षे लागली आहेत.

त्या दिवशी हॉलिस कॉलेजशी सामना होता. त्यांच्याशी आमचे पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर. माझा कर्ट चेंडू फेकणाऱ्याला राखणाऱ्या आमच्या पुढच्या फळीत डाव्या टोकाला होता, अंगावर अडुसष्ट नंबर. मर्लचा मुलगा रँडी चेंडू फेकणाऱ्याच्या शेजारी, मागे. दोघे पाळण्यापासूनचे दोस्त. आम्ही चार गुणांनी मागे होतो, वीस सेकंद उरले होते आणि टचडाऊनची, म्हणजे ओलांडली की सहा गुण देणारी, रेघ सहा यार्डांवर होती. चेंडू फेकणाऱ्याने हात मागे नेला, तेवढ्यात डावीकडून हॉलिसचा एक धिप्पाड गडी मोकळाच आत शिरला आणि त्याने त्याला आडवा केला. चेंडू निसटला, तो त्यांनी उचलला, सामना संपला. माझ्या खुर्चीवरून मला एकच गोष्ट दिसली. तो गडी कर्टच्या समोर उभा होता, आणि कर्ट त्याला सोडून आत वळला.

पार्किंगमध्ये माझी पाळी आली. लोरेन वाढत होती. मी नियम मोडला. जमेची बाजू सांगितलीच नाही. मी म्हणालो, "उणीव एकच. अडुसष्ट नंबर. समोरचा माणूस सोडून पळाला. माझा पोरगा नसता तर म्हटलं असतं, याला घरी पाठवा. माझा आहे म्हणून म्हणतो, घरीसुद्धा पाठवू नका."

कोणी हसले नाही. मी मागे वळलो तर कर्ट तिथे उभा होता. आंघोळीने केस ओले, खांद्यावर पिशवी. त्याने माझ्याकडे पाहिले, मग आईकडे, आणि तो चालू लागला. लोरेनने माझ्या हातातला वाडगा काढून घेतला. मी घरी येऊन वहीत उजवीकडे लिहिले, '६८'. डावी बाजू कोरी ठेवली.

तीन आठवड्यांनी रँडीची गाडी पुलावरच्या बर्फावरून घसरून नदीत गेली. त्याच्या शवपेटीला एका बाजूने मी खांदा दिला, दुसऱ्या बाजूने कर्टने. आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

जानेवारीत कॉलेजने मला प्रशिक्षकांच्या खोलीतले व्हिडिओ यंत्र दुरुस्त करायला बोलावले. यंत्रात त्याच सामन्याची टेप अडकली होती. उंचावरून घेतलेली, सगळे मैदान दाखवणारी. यंत्र चालते का ते पाहायला मी ती लावली. चेंडू फेकणाऱ्याने शेवटच्या क्षणी हाताने खूण केली, आणि आमच्या फळीतले पाचही जण एकाच वेळी, एकाच बाजूला, आत वळले. बेत तसाच ठरला होता. बाहेरचा माणूस रँडीने अडवायचा होता. रँडी खूण विसरला आणि चेंडू झेलायला पुढे धावला. मी ती टेप चार वेळा पाहिली. कर्टने त्याला सांगितलेले काम बिनचूक केले होते.

मी ती टेप परत यंत्रात ठेवली, झाकण बसवले आणि घरी आलो. मी स्वतःची समजूत घातली, की रँडीला पुरून महिनाच झाला आहे, मर्ल अजून जेवत नाही, त्याच्या मेलेल्या पोरावर दोष कसा टाकू? ही समजूत खोटी नव्हती, पण पुरती खरीही नव्हती. कर्टला एकट्याला बाजूला घेऊन सांगता आले असते. त्यात मर्लचे काही गेले नसते. माझे गेले असते. ज्याला खेळ कळतो तो माणूस आपल्या पोराच्या बाबतीत सपशेल चुकला, हे मला वहीत लिहावे लागले असते.

कर्ट अलास्काला गेला. मासेमारीच्या बोटींची इंजिने दुरुस्त करतो. लोरेन दर नाताळला विचारायची, "बोललास का त्याच्याशी?" मी म्हणायचो, "त्यानं बोलावं." ती २००९ साली गेली. तिलाही मी टेपचे सांगितले नाही. तिच्या अंत्यविधीला कर्ट आला, गावातल्या मोटेलात उतरला आणि दुसऱ्या दिवशी परत गेला.

कलम सातवे. हे काल आणि आज घडलेल्या गोष्टींमुळे जोडले आहे.

साक्षीदाराने मजकूर वाचावाच असे कायदा सांगत नाही. पण मर्लला वाचायला न देता त्याची सही घेणे मला जमेना. काल दुपारी तो आला, याच टेबलाशी बसला आणि सहावे कलम त्याने दोनदा वाचले. मग चष्मा कपाळावर चढवला.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"चौऱ्याण्णवच्या जानेवारीपासून."

"माझ्यासाठी गप्प बसलास?"

हो म्हणावेसे फार वाटले. मी म्हणालो, "थोडं तुझ्यासाठी. बाकीचं माझ्यासाठी."

"गाढवा," तो म्हणाला. "वीस वर्षांचं पोर होतं ते. एकदा चुकलं. तेवढ्यानं मी त्याला कमी धरलं असतं? त्याच्याबद्दल नवीन काही कळून मला तीस वर्षं झाली, एल्डन. निदान हे तरी कळलं असतं." त्याचे डोळे भरून आले होते.

"सही नको करूस," मी म्हणालो. "दुसऱ्या कोणाला तरी विचारतो."

"कर्टला सांगितलंस?"

"इथं लिहिलंय ना सगळं."

"हे तू मेल्यावर वाचणार. त्याला काय, कागदाशी भांडायला लावतोस? फोन कर. मी सही उद्या करतो."

मर्ल गेल्यावर मी फोन केला. तिकडे सकाळ होती. मागे इंजिन सुरू होते, ते कर्टने बंद केले.

"जोलीन ठीक आहे ना?" त्याने विचारले.

"ठीक आहे. मला हॉलिसच्या सामन्याबद्दल बोलायचं होतं. त्र्याण्णवच्या."

"बोला."

"तो माणूस तुझा नव्हता. रँडीचा होता."

"मला माहीत आहे, बाबा. मी तिथंच होतो."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"काय बोलणार होतो? रँडीनं कपडे बदलायच्या खोलीत रडत रडत मला सांगितलं होतं. तुम्ही पार्किंगमध्ये काय बोललात ते कळल्यावर तो म्हणाला, तुझ्या बाबांना जाऊन सांगतो. मीच म्हटलं, राहू दे, म्हाताऱ्याला खेळ कळतो, रागात बोलला असेल, उद्या-परवा त्याचं त्यालाच उमगेल. मग रँडी गेला. मग तर मला त्याचं नाव घेणंच शक्य नव्हतं." तो थांबला. "तुम्हाला कधी उमगलं?"

इथे खोटे बोलता आले असते. गेल्या आठवड्यात, असे म्हटले असते तर कदाचित तो विमानात बसून आला असता. मी म्हणालो, "त्याच जानेवारीत. टेप पाहिली."

"त्याच जानेवारीत," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "मी एप्रिलपर्यंत गावातच होतो, बाबा. धान्याच्या कोठारावर कामाला. तुम्ही रोज सकाळी समोरून जायचात."

त्याने फोन ठेवला. मी परत लावला नाही.

सबब मी पुढीलप्रमाणे ठरवतो. मैदानातली माझी जागा, आठवी रांग, बारावी खुर्ची, कर्टच्या नावे करावी. त्याने यावे अशी अट नाही. तो आला नाही तर खुर्ची मोकळी ठेवावी आणि डेनिसने तिच्यावर कोट टाकू नये.

१३ नोव्हेंबर १९९३ चे पान आज सकाळी मी पुरे केले. उजवीकडचा '६८' खोडला आणि त्या जागी माझे नाव लिहिले. डावीकडे लिहिले, 'अडुसष्ट नंबर. सांगितलेले काम केले. मित्राचे नाव घेतले नाही.' माझ्या मृत्यूनंतरच्या पहिल्या घरच्या सामन्याला, जिंको वा हरो, हे पान पार्किंगमध्ये सर्वांसमोर मोठ्याने वाचावे आणि त्यानंतरच भांड्याचे झाकण काढावे. तेवीस नंबरची आई तिथे असेल तर तिला आधी वाढावे.

वरील सर्व मजकूर माझा आहे, वाचून पाहिला आहे आणि मला मान्य आहे. काही ठिकाणी मान्य करणे जड गेले.

ठिकाण : सेडन, नेब्रास्का
दिनांक : २४ ऑक्टोबर २०२४, गुरुवार

सही : एल्डन वोंद्रा

साक्षीदार १ : ग्लेनिस प्राख, शेजारीण. (सही करताना पाहिले. मजकूर वाचलेला नाही.)

साक्षीदार २ : मर्ल टिचाचेक. (मजकूर वाचला. पान मी वाचीन. रँडीचे नावही मोठ्याने घेईन.)