वरच्या मजल्यावरचं तेल

तीर्थरूप दादास,

काळ्या हातांच्या धाकटीचा नमस्कार. (साष्टांग घातला असता, पण गॅरेजच्या फरशीवर एकदा आडवं पडलं की उठताना घसरायला होतं.) तू आणि वहिनी मजेत असालच. आईचे गुडघे कुरकुरत का होईना, चालतात. बाबा ठणठणीत, फक्त कानांनी संप पुकारलाय. तू पाठवलेलं श्रवणयंत्र डबीसकट नटबोल्टच्या ड्रॉवरमध्ये पडून आहे. मला इंजिन ऐकू येतं, माणसं नाही आली तरी चालेल, असं त्यांचं म्हणणं. आता इंजिन तरी येतं का, तेच सांगायला बसलेय.

बेकरीवाल्या मावशींची व्हॅन आली होती. बाबांनी इंजिनचं हेड, म्हणजे वरचा भाग, उतरवलं आणि मधली गॅस्केट, ती भोकाभोकांची पातळ पट्टी, नवी घातली, ती नेमकी उलटी. मी घसा फोडून सांगितलं, त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, फिरवून बसवतील, म्हणून मी टायरवाल्याशी भांडायला गेले. (पण हल्ली ते सगळ्यालाच मान डोलावतात. परवा आईने विचारलं, माझा कंटाळा आला का? तर डोलावली! घरात दिवसभर अबोला.)

इंजिन सुरू केलं तर ऑइल प्रेशरचा काटा झकास. पण दादा, पंप खाली, काट्याची नळीही खालीच. तळमजल्याच्या नळाला धो धो पाणी आहे म्हणून गच्चीवरची बादली भरते होय? उलट्या गॅस्केटने तेल वर नेणारं भोकच बुजवलेलं, त्यामुळे वरचे व्हॉल्व्ह कोरडे आणि अखंड टकटक. मला ऐकू येत होती, मावशींना येत होती, समोरचं झोपलेलं कुत्रंसुद्धा उठून गेलं. बाबा मात्र खुशीत. लोण्यासारखं चाललंय, घेऊन जा म्हणाले! मला रडूच आलं. व्हॅन रस्त्यात जाम झाली असती तर पुन्हा कोणी बाबांच्या हातात गाडी दिली नसती, आणि कामाशिवाय हा माणूस घरात बसून करणार काय?

गिऱ्हाइकासमोर, तुम्हाला ऐकू येत नाही, असं कसं म्हणू? मी त्यांचा लांब स्क्रूड्रायव्हर मुकाट्याने हातात दिला. टोक इंजिनला, मूठ कानामागच्या हाडाला, ही त्यांची जुनी पद्धत. खाली लावला, मान डोलली. वर लावला आणि मान थांबली. त्यांनी स्वतःच इंजिन बंद केलं. वर तेल नाही, म्हणाले. मग स्क्रूड्रायव्हर पुसत, अगदी हळू, "मला न कळता आणखी काय काय वाजतंय गं?"

हेड पुन्हा उतरवलं, गॅस्केट सरळ केली. टकटक गेली, मावशी व्हॅन घेऊन पाव पोचवायला गेल्या. बाबांनी हात धुतले आणि आपण होऊन ड्रॉवर उघडला.

तुझी धाकटी

ता. क. आई बोलत असताना बाबांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक तिच्या खुर्चीला लावून पाहिलं. अबोला पुन्हा सुरू.

ता. क. पुन्हा. यंत्र लावल्यावर बाबांनी विचारलं, त्या दिवशी तुझा दादा फोनवर काय म्हणत होता? स्पीकर चालू होता, म्हणून मी सांगितलं, घरी येऊ का, असं विचारत होता. मग मी काय म्हणालो, बाबांनी विचारलं. म्हटलं, काहीच नाही, नुसती मान डोलावलीत. फोनवर! आणि तो बिचारा तिकडे रुसून बसलाय. आता सगळं नीट ऐकून त्यांनी पुन्हा मान डोलावलीय, दादा. मी समोर उभी राहून पाहिलंय. ये.