पुस्तक उशिरा आलं

कारेगाव

सत्यजीत बाळा, मावशीचा आशीर्वाद.

आपल्या खोल्यांत राहणारी कंपनीतली पोरं तुझ्या गाण्यांवर जीव टाकतात. म्हणतात, "मावशी, गिटार घेऊन कसला ओरडतो! त्यानं लिहिलेलं पुस्तक मात्र बोर हाय, नुसती आईच आई."

मी ते अक्षराखाली बोट ठेवून वाचलं. बाप गेल्यावर आई माझ्याशी बोलेनाशी झाली, तिनं एकदा मान वर करावी म्हणून ओरडायला लागलो, असं लिहिलंस.

ताई, तुझी आई, तर तुझं गाणं लागलं की कान झाकायची. "माझ्यावरचा राग काढतोय," म्हणायची. ती गेली आन् मग पुस्तक आलं.

परवा फोनवर विचारलंस, "आईला गाणी आवडायची का गं?" मी व्हय म्हणाले. ते तसंच राहू दे. हे पत्र धाडत न्हाई.

तुझी पुतळामावशी