दार शेवटी लावायचं

आई, तुझ्या गुइलानचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे?

पत्र गिरणीतली शिऊफेन लिहितेय, पण शेवटचं अक्षर माझ्या हातचं. मोठ्या चौकोनात लहान चौकोन, म्हणजे ‘परत येणे’. नववर्षाच्या सुट्टीत गावी जाणाऱ्यांच्या यादीत ते ज्याचं त्यानेच लिहायचं असतं. मी आधी बाहेरचा चौकोन पुरा केला, तर गिरणीतल्या रात्रीच्या वर्गाची मास्तरीण म्हणते, “मावशी, दार लावून घेतलंत, आता माणसं आत जाणार कशी?” सगळ्या फिदीफिदी हसल्या. मग चिडून पन्नासदा गिरवलं. आता चुकत नाही.

दोन वर्षं येते येते म्हणून आले नाही, कबूल. पण म्हणून माझी रजई शेजारणीला द्यायची? परत आण. बाकीचं पत्र पोस्टमन वाचेल, हे अक्षर तू स्वतः ओळख. आणि दार मी आत आल्यावरच लाव.

तुझी तापट लेक,
回