जाताना काय म्हणायचं

५ जानेवारी, सोमवार

प्रणितची फाईल आली. माझ्याच टेबलावर! माझ्या पाठचा भाऊ, आणि त्याचे फोन मी ऐकायचे!

शहर चालवणाऱ्या मंडळाचं मशीन सगळ्या मिरा-भाईंदरचे फोन ऐकतं आणि लिहून काढतं. तारोडीची, म्हणजे माझ्या माहेरच्या गावची, बोली आली की अडखळतं. मग मी हेडफोन लावून त्याला अर्थ शिकवायचा — याच कामावर घेतलंय मला. फाईलवर प्रणितचं आडनाव आमच्या माहेरचं, माझं सासरचं. नातं इथे कुणाला ठाऊक नाही. कळलं तर दोघंही गेलो.

त्याचा गुन्हा काय? वॉर्डाच्या सभेत एकमतासाठी सगळ्यांचे हात वर गेले, याचा खालीच. का रे, विचारलं तर म्हणाला, "विचार करतोय." शहाणा! तेव्हापासून त्याच्या नावापुढे लाल खूण. आता मशीन म्हणतंय, हा दर फोनच्या शेवटी मित्रांना "येतो" म्हणतो, म्हणजे गुपचूप बैठका ठरवतो. हे पक्कं झालं की शिबिर!

शेजारच्या सुगंधाताईंचा रोहित शिबिरातून परत आलाय. भाजीत मीठ नाही — "छान आहे." पायावर चहा सांडला — "छान आहे." आमच्या प्रणितचं तसं होऊ द्यायचं नाही. बस.

७ जानेवारी

धीर करून आमच्या वरिष्ठ अंबिका मॅडमच्या केबिनमध्ये गेले.

"मॅडम, ये मीटिंग नहीं है. हमारे में निकलते टाइम 'येतो' बोलते हैं. फोन ठेवतानासुद्धा."

"जाते वक्त बोलते हैं, आता हूँ?"

"हो. 'जातो' म्हणणं अशुभ. परत यायचं असतं ना, म्हणून."

खूप हसल्या. मग एकदम थांबल्या. "मतलब मुँह में एक, मन में दूसरा?"

हो म्हणून मान हलवली. पण त्यांनी लाल खूण काढली! येताना बोंबील घेतले. आरोही म्हणाली, "आई, आज काय विशेष?" काही नाही म्हटलं. लेकीला तरी कसं सांगू?

१२ जानेवारी

झडली का नाही माझी जीभ!

मंडळाचा हुकूम आलाय. आजपासून निघताना "जातो", "जाते" असंच म्हणायचं. "येतो" म्हणून जो येणार नाही, त्यानं खोटं बोलल्याची नोंद. आमच्या जेसल पार्कभर तेच. लिफ्टपाशी माणसं तोंड मिटून उभी. किराणावाला हंसाबेनना सांगत होता, "बोल दो ना, क्या फरक पड़ता है." त्या काही न बोलताच निघून गेल्या.

सकाळी आरोही कॉलेजला निघाली. बूट घालून दारात उभी, हातात फोन, शब्द फुटेना. शेवटी "जाते" म्हणाली आणि तिचाच चेहरा पडला. मीही सवयीनं "ये हं" म्हणणार होते, ते गिळलं. "जा" म्हटलं. पोटच्या पोरीला!

हे मी केलं. भावाला वाचवायला गेले आणि सगळ्या गावाच्या तोंडचा शब्द काढून दिला. कुणाला कळलं नाही अजून. मला कळलंय ना.

१५ जानेवारी

बसनं तारोडीला गेले. फोन घरी ठेवून. प्रणित जाळं शिवत होता. आई — कृष्णाबाई, कान अजून तल्लख — चुलीपाशी.

म्हटलं, "बाबा रे, पाया पडते. तोंडानं 'जातो' म्हण. मनात काय ठेवायचं ते ठेव."

"ताय, रोज तोंडानं बोलला का मन पन तसाच व्हते," तो म्हणाला. मान वर न करता. "तुला कशाला सांगाला लागते? तू तं तितंच बसतंस."

चिडले. नको नको ते बोलले. आई मधे पडली, "त्याला शिबिरात न्हेतील, त्यापरास बोलू दे ना एक सबुद! पन माझ्या दारात न्हाय हां बोलाचा." मग त्यानं मान हलवली. निघताना मी काहीच म्हटलं नाही. आईनंही नाही.

१६ जानेवारी

ऐकलं! प्रणितनं मित्राला फोनवर "जातो" म्हटलं. हेडफोन लावूनच रडले. वाचला! पण आवाज किती सपाट होता त्याचा.

१९ जानेवारी

आज प्रणितचा बंदरावरून आईला फोन. "ताय आली का गप ऱ्हा गो आये. ती आता आपली न्हाय." मशीन कुठे अडलंच नाही. 'न्हाय' पण बिनचूक लिहिलं — मीच शिकवलेलं. खाली मशीनचा प्रश्न : ही 'ताय' कोण? मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. "तुम तो वहाँ की बोली समझती हो. ढूँढो इसको."

"हो मॅडम," म्हटलं मी. लगेच. मनात काही यायच्या आधीच.