क्रेनवरचा खलाशी होडीत बसतो

सरावली, बोईसर
डिसेंबर १९६८

तीर्थरूप बन्सीमामा,

पायांवर डोके ठेवून नमस्कार. मी इकडे धडधाकट आहे, भाकरीऐवजी भात खाऊनही अंगाने भरलो आहे, आणि मुख्य म्हणजे जिवंत आहे. तुमचा गुडघा थंडीत कुरकुरतो का, मामींचा खोकला हटला का, आणि नव्या बैलाने आणखी कोणाला शिंगावर घेतले नाही ना, ते सविस्तर कळवावे.

तुमच्या कार्डावरून सगळा घोटाळा ध्यानात आला. आपल्या गावचा भिका इथे काम शोधायला आला होता, माझ्याच खोलीवर जेवला, माझ्याच घोंगडीत झोपला, आणि गावी परत जाऊन पारावर म्हणाला, झुंबर सिनेमात गेला. आमच्या आळीच्या टोकापर्यंत ही बातमी पोचेस्तोवर त्यातला सिनेमा गळून पडला आणि आईच्या कानावर नुसते ‘झुंबर गेला’ एवढेच आले. तुम्ही धावत जाऊन तिला खरे काय ते सांगितलेत, हे उपकार मी विसरणार नाही. पण खरे कळल्यावर ती पुन्हा रडायला बसली, आणि दुसऱ्या वेळचे रडणे पहिल्यापेक्षा मोठे होते, असे तुम्ही लिहिता. पोराने सोन्यासारखी सरकारी प्रकल्पावरची नोकरी सोडली आणि तोंडाला रंग लावला, त्याला घरी घेऊन या, असा तिने घोशा लावला आहे म्हणे. म्हणून हे पत्र. जसे घडले तसे लिहितो. (वाचून दाखवताना आईला गाळायचे भाग तुमचे तुम्हाला कळतीलच.)

सिनेमाचे वेड मला कोणी लावले हे तुम्हाला सांगायला नको. यात्रेतल्या तंबूत पडद्याच्या मागच्या बाजूला बसवून तुम्हीच मला सिनेमा दाखवलात, त्यामुळे सगळे हिरो डावखुरे असतात अशी माझी बरीच वर्षे समजूत होती. आता इथे पालघरला पक्के थेटर आहे, समोरून बघायला मिळते, आणि सिनेमाही रंगीत झाला आहे. रंगाचे माझे मत संमिश्र आहे. काळ्या-पांढऱ्यात माणूस दुःखी आहे की नाही ते चटकन कळायचे. आता सगळ्यांचेच गाल यात्रेतल्या साखरेच्या चित्रांसारखे गुलाबी. पूर्वीचा हिरो गरीब असायचा आणि खोकायचा. हल्लीचा हिरो उठतो तो काश्मीरला जातो, बर्फात नुसत्या सदऱ्यावर लोळतो, आणि त्याला पडसे होत नाही. नाचही बदलला. एक नवा नाच आला आहे, त्यात पाय जागच्या जागी ठेवून पाट्यावर वरवंटा फिरावा तशी कंबर फिरवायची. तो मी खोलीवर करून पाहिला. नागोरावांनी उलथने फेकून मारले.

हे नागोराव म्हणजे माझे खोलीचे भागीदार, परभणीकडचे, प्रकल्पावर फिटर आहेत आणि ट्रान्झिस्टर त्यांचा आहे. बुधवारी संध्याकाळी रेडिओ सिलोनवर गाणी लागली की अख्खी चाळ आमच्या ओट्यावर येते. नागोरावांचे म्हणणे असे, की गाणे म्हणजे डोळ्यांत पाणी आणील ते. हल्लीचे ढोल आणि गिटार म्हणजे पत्र्यावर माकडे सोडल्यासारखे. मी नव्याच्या बाजूचा आहे. दिवसभर लोखंड ओढून आलेल्या माणसाला रडायला गाणे कशाला लागते, त्याला पाय हलवायला गाणे पाहिजे. हा वाद दर बुधवारी होतो आणि दर बुधवारी तो एकच बाई तोडते. तिचे नाव जमना. घिवलीच्या दादू तांडेलांची मुलगी. (तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस.) ती मासळीची पाटी घेऊन सरावलीला येते, पाटी रिकामी झाली की ओट्याच्या कडेला टेकते आणि गाणे संपेपर्यंत काही बोलत नाही. एकदा समुद्रावरचे गाणे लागले होते, आम्ही दोघे त्यावरून हमरीतुमरीवर आलो, तर ती शांतपणे म्हणाली, ‘‘होडी नाचते, मन नाचते, समदा नाचते. पन वारा कुठचा हाय ते कोन सांगत नाय.’’ आणि पाटी उचलून गेली. नागोराव म्हणाले, हिला गाण्यातले काही कळत नाही. मला मात्र तेव्हापासून प्रत्येक गाण्यात वारा कुठला ते शोधायची खोड लागली आहे.

आता मूळ मुद्दा. गेल्या हिवाळ्यात मुंबईची एक कंपनी घिवलीच्या किनाऱ्यावर शूटिंगला आली. माझी सुट्टी होती, मी बघायला गेलो. मामा, खोटे सांगत नाही, ऐकीव गोष्टींपेक्षा हे विपरीत होते. वाडीचे लोक बोंबील वाळत घालायचे सोडून उभे, आणि डायरेक्टर त्यांच्यातून मच्छीमार निवडत होता. दादू तांडेल पुढे झाले. अंगात हातविणीचा स्वेटर, डोळ्यांवर चष्मा, पायात रबरी चपला. डायरेक्टरने वरपासून खालपर्यंत पाहिले आणि म्हणाला, ‘‘ये मच्छीमार नहीं लगता.’’ दादूंनी चष्मा काढून पुसला आणि विचारले, ‘‘मंग मी कोन हाय?’’ जमनाच्या पाटीतली मासळीही नापास झाली, कारण हिरॉइनला वास सोसेना. तिला चंदेरी कागद चिकटवलेले पुठ्ठ्याचे मासे दिले.

मग डायरेक्टरची नजर माझ्या मिशीवर पडली. त्याने विचारले, ‘‘खलासी है?’’ मी म्हणालो, ‘‘हाँ साब.’’ यात एक अक्षर खोटे नाही. आमच्या प्रकल्पावर जड सामान दोरांनी बांधून क्रेनला लावणाऱ्यांना खलाशीच म्हणतात, माझ्या बिल्ल्यावरही तेच लिहिले आहे. समुद्रावरही खलाशी असतात हे मला ठाऊक होते, पण त्याने कुठला ते विचारले नाही, आणि हिरो माझ्यापासून हाताच्या अंतरावर उभा होता, तेव्हा मीही खोलात शिरलो नाही. मला कोळ्यांसारखा कमरेला लाल रुमाल नेसवला, डोक्याला टोपी घातली आणि एका होडीत वल्ह्यांपाशी बसवले. पुढे हिरो उभा. किनाऱ्यावर भोंग्यातून गाणे लागले, हिरो ओठ हलवू लागला आणि मी वल्ही मारू लागलो.

आपल्या पाथर्डीकडच्या माणसाने पोहऱ्याशिवाय पाण्याला कधी हात लावलेला नसतो. मी एक वल्हे पुढे आणि एक मागे मारत होतो, त्यामुळे होडी आधी गोल फिरली. डायरेक्टर खूश झाला, हिरोलाही ते योजनेतलेच वाटले. तेवढ्यात ओहोटी लागली, आणि मग माझ्या वल्ह्यांची गरजच उरली नाही. गाणे लहान लहान होत गेले आणि ऐकू येईनासे झाले. हिरो बराच वेळ ओठ हलवत राहिला. मग वळून म्हणाला, ‘‘अब वापस चलो, भाई.’’

‘‘साब, मेरेको नहीं आता.’’

‘‘तुम खलासी हो ना?’’

‘‘हाँ साब. क्रेन का.’’

होडीच्या काठावर वाकून त्याने सकाळचा नाश्ता समुद्राला दिला. मी त्याचे डोके धरले. सावरल्यावर तो म्हणाला की त्यालाही पोहता येत नाही. काम मिळावे म्हणून डायरेक्टरला येते असे सांगितले होते. आम्ही दोघे तळाला बसलो. मला भीती वाटत होती हे कबूल करतो, पण मामा, विचार करा: सिनेमाचा शौकीन माणूस जन्मभर ज्या संधीची वाट बघतो ती आली होती. हिरो समोर, आणि त्याला उठून जायला जागा नाही. मी त्याला सगळे सांगितले. बर्फात पडसे का होत नाही ते विचारले. रंगीत गालांचे सांगितले. गुंड नेहमी पट्ट्यापट्ट्यांचा बनियन का घालतात, म्हणजे पोलिसांना सोपे जाते का, तेही विचारले. आणि गाण्यात वारा कुठला आहे ते कोणी सांगत नाही, हे जमनाचे मत माझे म्हणून खपवले. तो मनापासून ऐकत होता. शेवटी म्हणाला, ‘‘सही बोलते हो. गाना किसी और का, कपड़ा किसी और का. आज की उलटी छोड़कर मेरा अपना कुछ नहीं.’’ आणि हसला. पडद्यावर तो इतका चांगला कधी हसला नव्हता. माणूस जवळून पाहिला की मन विटते म्हणतात. मला तो तेव्हापासून जास्त आवडतो.

एवढ्यात दादू तांडेलांची होडी आली. स्वेटर, चष्मा, सगळ्यासकट. पुढे जमना उभी होती. तिने दोर फेकला तो नेमका माझ्या मांडीवर पडला, आणि इथे मामा, तुमच्या भाच्याची अब्रू वाचली, कारण दोर बांधणे हे माझे पोटापाण्याचे काम. मी क्रेनला मारतो तशी गाठ मारली. जमनाने दोर ओढून पाहिला, पुन्हा ओढून पाहिला, आणि म्हणाली, ‘‘गाठ बरी हाय.’’ दादू म्हणाले, ‘‘वल्हा मारताना हा गडी भाताचा काला करत होता, मी धक्क्यावरून बघत होतो.’’ पण जमना पुन्हा एकदा गाठीकडे बघत होती. किनाऱ्यावर आलो तो डायरेक्टर रागावलेला नव्हता. त्याने सगळा वेळ कॅमेरा चालूच ठेवला होता.

तो सिनेमा दिवाळीनंतर पालघरला लागला. अख्खी घिवली गाड्या जुंपून गेली, नागोराव आणि मी बरोबर. मी पडद्यावर आहे, पण पाठमोरा आहे. (आईला सांगा, तोंडाला रंग लावला असेल तरी तो कोणाला दिसला नाही.) खरी गंमत पुढे आली. डायरेक्टरने त्या सुटकेची चित्रे कापून दुसरीकडेच जोडली होती. दादूंची होडी पडद्यावर आली तेव्हा मागे भयंकर वाजंत्री सुरू झाली, आणि कळले की हे सोन्याची चोरटी आयात करणाऱ्या टोळीचे सरदार आहेत. चष्मा चमकला तेव्हा पुढच्या बाकांवरच्या बायकांनी पोरे पोटाशी धरली. वाडीचे लोक पडदा सोडून दादूंकडे बघू लागले, आता तांडेल काय करतात म्हणून. दादूंनी शेवटपर्यंत पाहिले आणि बाहेर येऊन एवढेच म्हणाले, ‘‘मच्छीमार नाय वाटलो, चोर वाटलो. काम बरा केलान.’’ दुसऱ्या दिवशी ते एकटेच परत बघून आले. पालघरच्या बाजारात आता त्यांच्याशी कोणी घासाघीस करत नाही, आणि तो स्वेटर ते उन्हातही काढत नाहीत.

आणि त्याच जागी, क्षणभर, जमना आली. उभी, केस वाऱ्यावर, हातातला दोर सुटताना. पडदाभर. थेटरात पुढच्या बाकावर कोणी शेंगा सोलत होता तो थांबला. मामा, मी समोरून, मागून, रंगीत, बिनरंगी, सगळ्या हिरॉइनी पाहिल्या आहेत. त्यानंतर पुढचा सिनेमा मला आठवत नाही. नागोरावांना विचारले, तर तेही म्हणाले, त्यांनाही आठवत नाही. पण ते घोरत होते.

बाहेर आल्यावर मी जमनाला विचारले, कशी वाटलीस स्वतःला. ती म्हणाली, ‘‘मी दोर तुझ्याकडं टाकला व्हता. यांनी तुला कापून टाकला. मंग मी कोनासाठी दोर टाकते?’’ बैलगाडीत परत येताना तेच डोक्यात घोळत होते.

तर अशी हकीकत आहे. नोकरी जागेवर आहे, उलट मला खलाशांच्या टोळीचा मुकादम करणार अशी बोलणी आहेत. सिनेमात मी गेलो आणि परत आलो. आईला माझा दंडवत, मामींना नमस्कार, बैलाला लांबूनच राम राम.

तुमचा,
झुंबर

ता. क. – हा सिनेमा महिन्याभरात नगरला लागेल. नाव हिंदी आणि लांबलचक आहे, पोस्टरवर होडी आणि चष्मेवाला चोर पाहून ओळखा. आईला एकदा घेऊन जाच. दोर फेकणारी मुलगी आली की पडद्याकडे बघू नका, आईच्या तोंडाकडे बघा, आणि काय दिसले ते मला कळवा.

ता. क. दुसरा – तिला मुलगी आवडली असे दिसले, तर तिथेच, उजेड होण्याआधी सांगून टाका की ती सून व्हायला तयार आहे. नंतर सवडीने, घरी येताना, सांगा की चोरांचा सरदार व्याही होणार. जात वेगळी, जेवण वेगळे, हे सगळे मला ठाऊक आहे. भांडण झाले तर तुम्ही माझ्या बाजूने असाल ना, एवढेच विचारतो. दादू नाही म्हणालेले नाहीत. म्हणाले, घरातला मोठा माणूस घेऊन ये. माझ्याकडे मोठा माणूस म्हणजे तुम्हीच.

ता. क. तिसरा, हे अक्षर माझे नाही, जमनाने कागद ओढून घेतला –

मामा, नमस्कार. मी हे पत्र वाचला. निम्मा खोटा हाय. त्याला भ्या वाटला एवढा लिवलाय, पन तो रडत व्हता ते लिवला नाय. गाठ मातर खरीच बरी व्हती. तुमी या. तुमी मासली खात नसाल तर भात हाय, डाल हाय, आमच्याकडं समदा हाय. आयेला पन आना. मी स्टेशनावर येते.