तुझ्या वाटीचं माप

आई, तुझ्या नावावर मी एक खोटी गोष्ट ढकलली आणि ती आता तालुक्या-तालुक्यांत फिरते आहे. तू जाऊन चाळीस वर्षं झाली. तुला पत्र घालायचं म्हणजे दोन अडचणी, तुला वाचता येत नव्हतं आणि मला लिहिता येत नाही. तिसरी अडचण पोस्टमनची, ती सोडून देऊ. म्हणून मी बोलते आणि खालच्या मजल्यावरच्या बाई लिहून घेतात. त्या शाळेत शिकवायच्या, जैनांच्या आहेत, दिवस मावळायच्या आत जेवतात, त्यामुळं साडेपाच वाजले की मला गप्प करतात. गंमत बघ, ज्या बाईनं जन्मात कांदा तोंडात घातला नाही तिच्या हातून मी दारूची गोष्ट लिहून घेते आहे. काल म्हटलं, लिहिलेलं वाचून दाखवा बघू. तर 'मद्य' म्हणाल्या. "मी मद्य म्हटलं व्हय ओ बाई?" "अहो, कागदावर बरं दिसतं ते." "बरं दिसाय न्हाय लिवत आपण. दारू लिवा." त्यांनी लिहिलं असावं. तपासायची सोय माझ्याकडं नाही.

तू गेलीस त्याच्या पुढच्या वर्षी मला मुलगी झाली. लग्नाला इतकी वर्षं होऊन गेलेली की सासरच्यांनी बारशाचं नाव काढणंही सोडलं होतं. तू मात्र अंथरुणावर पडल्या पडल्या तुझी पितळेची वाटी माझ्या हातात दिलीस. त्याच वाटीनं तू तेल मापायचीस, काढा मापायचीस, अर्ध्या गगनबावड्याची बाळंतपणं त्या वाटीवर झाली. म्हणालीस, "तुला लेक हुईल. तिच्या बाळातपणाला घे." तेव्हा मला राग आला होता. थट्टा करते म्हातारी, वाटलं. पुढं मीही कोल्हापुरात तेच काम धरलं, घरोघरी जाऊन बाळंतिणींना आणि बाळांना तेल लावून न्हाऊ घालायचं. तू बाळं बाहेर काढायचीस, मी नुसती धुवायची. शहरात बाळं डॉक्टर काढतात. पण वाटी तीच.

तुझी ती नात अकरा वर्षांपूर्वी पोटुशी राहिली आणि तिसऱ्या महिन्यातच माझ्याकडं आली. जावयाची नोकरी पुण्याला, आणि डॉक्टरांनी तिला पडून राहायला सांगितलेलं. कंबर धरलेली, अन्न ठरत नव्हतं, झोप नव्हती. मी काढा करायला लागले. सुंठ, मिरी, दालचिनी, जायफळ, भरपूर गूळ, आणि उकळून खाली उतरवला की त्यात तुझी अर्धी वाटी ब्रांडी. तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर प्याली नसती. तिच्या घरी सणालासुद्धा कुणी थेंब घेत नाही. "आई, कडू लागतंय गं." "मग? औषध काय बासुंदीवाणी लागतंय?" प्यायची, आणि दिवे लागायच्या आत माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपायची. रोज. सहा महिने. तिचे वडील त्याच्या आदल्या वर्षी गेलेले. ती तशी झोपली की मला वाटायचं, घरात माणूस आहे.

मग तुझी पणती झाली. वजनाला हलकी, पण डोळे टपोरे. टपोरे म्हणजे मला दिसायचे तसे. पुढं डॉक्टरांनी पट्टी लावून मापले तेव्हा कळलं, लहानच आहेत. गोड पोरगी. रस्त्यावरच्या कुठल्याही पावण्याचा हात धरून चालायला लागते, ह्याचंच आधी कौतुक वाटलं. मग जावयाची बदली इथं कोल्हापुरात झाली आणि पोरीची शाळा सुरू झाली. सोमवारी साताचा पाढा घडाघडा म्हणते आणि मंगळवारी विचारलं तर अशी बघते की जणू सात हा आकडाच काल निघाला. "दप्तर ठेव, हातपाय धू, ये जेवायला" म्हटलं की दप्तर ठेवून तिथंच उभी. मिक्सर लावला की कानावर हात घेऊन पलंगाखाली जाते. शाळेतून चिठ्ठ्या यायच्या, आळशी आहे, मुद्दाम करते. सासरी तुझ्या नातीला टोमणे, "आईनंच लाडावून ठेवलीया." एकदा तिनं पोरीला मारलं आणि मग स्वतःच मोरीत जाऊन रडत बसली. मी बाहेर उभी. मला वाटलं, नशीब.

गेल्या वर्षी कुणीतरी सांगितलं, दवाखान्यात मुलांच्या वाढीचं एक क्लिनिक आहे. गेलो. तिथल्या डॉक्टरांना आणि मुलांशी बोलणाऱ्या बायांना पुण्याहून माणसं येऊन शिकवत होती. आईच्या पोटात असताना दारू पोचली तर मूल कसं घडतं, ते ओळखायचं कसं, घरच्यांना विचारायचं कसं. त्या आजाराला इंग्रजीत चार अक्षरांचं नाव आहे म्हणे. मला एकही अक्षर येत नाही, त्यामुळं चाराचं दडपण आलं नाही. एकानं पोरीचं डोकं मापलं, एकीनं तिच्याकडून ठोकळे लावून घेतले, एकीनं गोष्ट सांगून ती परत सांगायला लावली. चार जण, चार दिवस. शेवटी डॉक्टर म्हणाले, खुणा बऱ्याच जुळतात, पण चेहऱ्यावरच्या सगळ्या दिसत नाहीत, त्यामुळं गरोदरपणी दारू पोटात गेली होती असं कळल्याशिवाय नाव देता येत नाही. नाव नाही तर शाळेला पत्र नाही, शिकवायची वेगळी पद्धत नाही. तुझ्या नातीला विचारलं. ती म्हणाली, "कधीच नाही." देवाशपथ खरं बोलली बिचारी. मी तिच्याशेजारीच बसले होते, पदर सावरत.

तिथली एक मुलगी, चष्म्याची, सगळ्यांत लहान. तिला शिकवलेलं की दारू प्यालात का असं तोंडावर विचारायचं नाही. काय खाल्लं, काय प्यायलं, कुणी करून दिलं, असं हळूहळू बोलायचं. ती माझ्याकडं वळली. "आजी, तुम्ही बाळंतिणींचं करता ना? मग लेकीसाठी काय काय केलंत?" आता माझ्या कामाचं मला कुणी विचारलं की मी थांबते होय? मी सांगायला लागले. डिंकाचे लाडू सांगितले, मेथीचे सांगितले, मग काढा सांगितला. सुंठ, मिरी, दालचिनी, गूळ. "आणि वरनं अर्धी वाटी ब्रांडी, त्यानंच तर गुण येतोय की!" फुशारकीनं सांगितलं, आई. हात असा हवेत, वाटी धरल्यासारखा. चष्म्याच्या मुलीचा पेन थांबला. तुझी नात माझ्याकडं बघत होती. "आई, त्यात दारू होती?" मी म्हटलं, "दारू न्हवं, ब्रांडी." "रोज?" तेव्हा मला पहिल्यांदा त्या खोलीत आपण कशासाठी बसलोय ते समजलं. आणि माझ्या तोंडातून निघालं, "माज्या आईची रीत हाय ती. सुईण हुती ती. सगळ्या पोटुश्यांना देयाची."

चष्म्याच्या मुलीनं माझा हात धरला. म्हणाली, "तुम्हाला कुठं माहीत होतं, आजी. यात कुणाचा दोष नाही." असं म्हणायलाही त्यांना शिकवतात. चांगलं शिकवतात. तुझ्या नातीला तसं शिकवलेलं नाही. ती उठली, पोरीचा हात धरला आणि रिक्षानं गेली. मी बसनं आले. त्याला सात महिने झाले. फोन येतो, पोरीचाच. "आजी, जेवलीस का?" मागून कुणीतरी सांगत असतं, आता ठेव म्हणून.

पोरीला मात्र नाव मिळालं, आणि नाव मिळाल्यावर खूप काही मिळालं. शाळेतल्या बाईंनाही क्लिनिकनं बोलावून शिकवलं, एका वेळी एकच काम सांगा, खिडकीपासून लांब बसवा, काल आलेलं आज आलं नाही तर रागवू नका. चष्म्याच्या मुलीनं चित्रांची एक लांब पट्टी करून दिली, दात घासायचे, अंघोळ, वेणी, डबा. एक तिच्या घरी आणि एक आजीच्या घरी लावायला. ती मुलगी स्वतः येऊन माझ्या मोरीच्या दाराला चिकटवून गेली. इथं पोरगी येतच नाही. मग काय, रोज सकाळी मीच वाचते. दात घासायचे. आहेत तेवढे घासते. अंघोळ करते. वेणी घालते. डब्याच्या चित्रापाशी आले की थांबते, मला जायचं कुठं नसतं. चौऱ्याहत्तर वर्षांत मी वाचलेला हा पहिला कागद.

पट्टी लावायला आली तेव्हाच चष्म्याच्या मुलीनं विचारलं होतं, तुमची हकीकत गावोगाव आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंना शिकवताना सांगितली तर चालेल का. नाव घालणार नाही, फक्त सुईणींची जुनी रीत एवढंच. मी अंगठा दिला. मला वाटलं, तुला कोण ओळखतंय आता. गारगोटीला सांगून झालं, गडहिंग्लजला झालं. गेल्या आठवड्यात ती आली, पट्टीचा एक कोपरा सुटला होता तो लावायला, आणि हसत हसत सांगायला लागली. "आजी, गगनबावड्याला काय झालं माहितीये? आशाताईंबरोबर एक म्हातारी आली होती. मी सुईणींचं सांगितलं तर ती भांडायलाच उठली. म्हणाली, 'आमच्यातल्या सुईणीनं आसलं कवा केलं न्हाई. मी पोटुशी आस्ताना थंडीनं कापाय लागले तर तिनं मला कुळथाचं कढण पाजलं, दारू न्हवं.' लोकांना जुनं सोडवत नाही हो आजी." मी चहा गाळत होते. गाळणं तसंच हातात.

कुळथाचं कढण. आई, मी चौदा वर्षांची. भात लावून एक बाई आली, गुडघाभर चिखलात दिवसभर उभी राहिलेली, सहावा महिना, दात वाजताहेत. तू दुसऱ्या घरी गेलेली. वळचणीला फडक्यात गुंडाळलेली तुझी दारूची बाटली मला ठाऊक होती. बाळंतीण थंड पडली की तू तिच्या तळपायांना चोळायचीस, कधी तिला चमचाभर द्यायचीस. मी शहाणी. वाटी काढली, भरली, त्या बाईच्या तोंडाला लावणार, आणि तू दारात. वाटी उडाली, माझा गाल लाल. "प्वाटातल्याला इचारलंस का, पाजू का म्हून? इचारलंस?" "आये, ती कापतीया..." "कापू दे! त्यो आत बसलाय, त्येला थुकाय तरी येतंय का? भाईर येईस्तवर थेंब न्हाय. ध्येनात ठेव." मग तू चुलीवर कुळीथ चढवलेस, तिच्या पायांपाशी शेगडी सरकवलीस, आणि कढण झाल्यावर पहिली वाटी तिला आणि दुसरी मला दिलीस. त्याच वाटीत. मी रडत प्याले, मिरी जास्त होती.

तुला कुणी काही शिकवलं नव्हतं. पुण्याहून कुणी आलं नव्हतं. आणि आज त्या मुली गावोगाव जे सांगत फिरतात ते तू चुलीपाशी मला एका थपडेत सांगितलं होतंस. त्यांच्या कागदावर मात्र तू पाजणारी झालीस, माझ्यामुळं. ती भांडणारी म्हातारी कोण ते मला माहीत नाही. तिचे पाय धरावेत असं वाटतं. तुझी लेक मी, आणि तुझ्या बाजूनं उभी राहिली ती.

आज दुपारी बाईंकडून क्लिनिकला फोन लावून घेतला. चष्म्याच्या मुलीला म्हटलं, "पोरी, त्यो कागूद दुरुस्त कर. सुईण न्हवं. सुईणीची लेक. सुईणीनं न्हाईच म्हून सांगितलं हुतं." तिनं ते माझ्याकडून परत एकदा म्हणून घेतलं. मग म्हणाली, "करते, आजी. त्या म्हातारीलाही कळवते, तुमचंच बरोबर होतं म्हणून." आणि मग, "ताईंना मी सांगू का?" ताई म्हणजे तुझी नात. मी म्हटलं, "नगं. मी सांगते." फोन ठेवला. सांगितलं नाही अजून. आईचं नाव घेऊन मी जे केलं ते तिला निदान अडाणीपण वाटत असेल. आता तेही राहणार नाही.

साडेपाच होत आले. बाई आज घड्याळाकडं बघत नाहीत, ते एक नवलच. विचारतात, पत्ता काय घालू? तुझा मला ठाऊक नाही. लेकीचा ठाऊक आहे, इथून बसचे चार थांबे. बाईंनी चष्म्यावरून बघितलं माझ्याकडं. "मग तोच घालू का?" म्हटलं, कशाला, घडी करा आणि त्या वाटीत ठेवा, फळीवर. बसतोय कागद.

एक राहिलंय, बाई, ते लिहा. क्लिनिकमध्ये सगळे म्हणाले, तुम्हाला माहीत नव्हतं. मीही मान हलवली. स्वतःला म्हटलं, साठ वर्षांपूर्वीची थप्पड कुणाच्या ध्यानात राहते. आई, मी विसरले नव्हते. ते सहा महिने, रोज संध्याकाळी, बाटलीतून तुझी वाटी भरताना माझा गाल तापायचा, नेमका त्याच जागी. मी दुसऱ्या हातानं तो पुसायची आणि भरायची.