नव्या वाटांसाठी मोकळं

५ जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

मला नोकरी लागली हे बाबांनी ढोल बडवून सांगितलंच असेल. एवढी मोठी वीज कंपनी, तिचा मनुष्यबळ विभाग आणि त्यात तुझी ठमी! वीज कुठे तयार होते ते मी अजून पाहिलेलं नाही. आमच्या नवव्या मजल्यावर फक्त शब्द तयार होतात. इथे कुणाला नोकरीवरून काढत नाहीत, ‘नव्या वाटांसाठी मोकळं’ करतात. पगारवाढ नाकारत नाहीत, ‘कौतुक पुढे ढकलतात’. विभागप्रमुख हे शब्द स्वतः घडवतात आणि आम्हा नवख्यांकडून घोकून घेतात. तसा माणूस वाईट नाही. मी डबा विसरले तेव्हा त्यांनी स्वतःचा अर्धा दिला, वर त्याला ‘संसाधन-वाटप’ म्हणाले.

पण कंपनी आता माणसं कमी करतेय, आणि पुढच्या सोमवारपासून ते त्यांना सांगायचं काम माझ्याकडे आलंय. तू एवढी वर्षं परिचारिका होतीस, वाईट बातमी कशी सांगायचीस?

तुझा लोभ मात्र पुढे ढकलू नकोस.
तुझी ठमी

९ जुलै

चि. ठमीस अ. आ.

तुझं पत्र वाचताना हे इतके हसले की चहा सांडला. काल माझी भाजी करपली, तर म्हणाले, नव्या चवीसाठी मोकळी केलीस वाटतं.

आता नीट ऐक. आधी स्वतः बस, समोरच्यालाही बसव. पहिल्याच वाक्यात खरं सांग आणि लगेच उठून पळू नकोस. शब्द गोड लावलेस, तर त्या माणसाला आधी तुझं कोडं सोडवावं लागतं आणि मग रडावं लागतं.

जेवत जा. माया आहेच, ती वाढवणं तुझ्या पत्रांवर.
तुझी आत्या

१६ जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

काढायच्या माणसांत पहिलाच निघाला तो आमचा विभागप्रमुख! वरच्या साहेबांना धीर होईना, म्हणून नवी पोरगी पुढे केली. घाबरून मी तुझं सगळं विसरले आणि घोकलेलं म्हणून टाकलं, की कंपनी तुम्हाला नव्या वाटांसाठी मोकळं करतेय. त्यांना वाटलं, मी पाठांतर म्हणून दाखवतेय. ‘मोकळं’वर जरा हसरा सूर हवा, म्हणाले. मी पुन्हा म्हटलं. त्यांनी शाबासकी दिली.

मग मी खुर्ची ओढून समोर बसले आणि म्हटलं, “साहेब, तुमची नोकरी गेली. आज शेवटचा दिवस.”

वाक्य सुधारायला घ्यावं तसं त्यांनी पेन उचललं आणि परत ठेवलं. मी उठले नाही. शेवटी त्यांनी विचारलं, बायकोला कोणत्या शब्दांत सांगू. मी म्हटलं, ह्याच. त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. तिला नीट ऐकू गेलं नसावं, कारण त्यांना तेच मोठ्याने पुन्हा सांगावं लागलं. अख्ख्या मजल्याने माना वर केल्या.

त्यांची पिशवी घेऊन मी खाली गेले, त्यांना टॅक्सीत बसवलं. वर आले तर वरच्या साहेबांचा निरोप तयार: तुमची भाषा कंपनीला शोभत नाही, विभागप्रमुखांकडून ताबडतोब प्रशिक्षण घ्या.

माझ्यावर रागावू नकोस, बाकी सगळे रागावलेत.
तुझी ठमी